शनिवारी तीन वाजता, ओरियाक

सोमवार, ८ ऑक्टोबर २०१२. ओरियाक, सकाळी ७.

हा आठवडा शहराच्या इतिहासात जाणार. वही नवीन घेतली. जुनी भाषणांच्या टिपणांनी भरली.

शनिवारी दुपारी तीनला ‘पॅरिस-ओरियाक थेट गाडी समिती’ची वार्षिक सभा. चौदा वर्षं मी अध्यक्ष. गाडी बंद होऊ नये म्हणून पाच वर्षं लढलो, बंद झाल्यावर नऊ वर्षं. लढ्यात सातत्य आहे.

या वर्षी प्रथमच माझ्याविरुद्ध उमेदवार. मादाम रुमेगू, चौकातल्या औषधांच्या दुकानाच्या मालकीण, आमच्याच समितीच्या चिटणीस. त्यांचं म्हणणं, थेट गाडीचा हट्ट सोडा. विमान, रेल्वे, रस्ता, जे आहे ते सुधारून घ्या. माणूस घरी पोचला म्हणजे झालं, म्हणतात. उद्या म्हणतील माणसाचं पोट भरलं म्हणजे झालं, मग पाव काय आणि पुठ्ठा काय.

प्लॅन असा. गुरुवारी रेल्वेने पॅरिसला. शुक्रवारी मंत्रालयात ३,४१२ सह्यांचा अर्ज. शनिवारी सकाळी रेल्वेनेच परत, क्लेर्माँला एकदा गाडी बदलून, १.१० ला ओरियाक. स्टेशनवर समितीतल्या पुएशचा बँड. तिथून मिरवणुकीने सभागृहात. सगळं शहर बघेल की मोडकी का होईना, रेल्वे ती रेल्वे.

युगेत म्हणाली, शुक्रवारीच परत ये, उगाच जिवाला घोर नको. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण तिला नाट्य कळत नाही.

मंगळवार, ९ ऑक्टोबर. दुपारी १.

बाजारात फेरी. ज्यांना शनिवारी यायला जमणार नाही त्यांच्याकडून प्रॉक्सी गोळा केल्या. नियमाप्रमाणे प्रत्येकाने आपल्या मताचा अधिकार कोणाला देतो त्याचं नाव लिहायचं आणि पाकीट चिकटवून द्यायचं. बंद पाकिटाचा नियम माझाच. मत पवित्र असतं.

काय तो प्रतिसाद. मी तोंड उघडायच्या आत लोक पाकीट काढून देत होते. चीजवाल्या म्हाताऱ्याला मी फक्त ‘मित्रा, या ऐतिहासिक वळणावर’ एवढंच म्हटलं, तर तो म्हणाला, हे घ्या, हे घ्या, भाषण राहू द्या, गिऱ्हाईक उभं आहे. असा विश्वास.

एकूण एकेचाळीस. सभासद नव्वद. हिशेब शाळेतल्या पोरालाही कळेल. छत्तीस वर्षं इतिहास शिकवला, पण विजय आधीच बॅगेत घालून निघालेला सेनापती मला आठवत नाही.

बुधवार, १० ऑक्टोबर. रात्रीच्या जेवणाआधी.

युगेतचा सल्ला : पाकिटं पॅरिसला नेऊ नकोस, माझ्याकडे ठेव नाहीतर पुएशकडे दे. मी सांगितलं, सेनापती तलवार शेजाऱ्याकडे ठेवून जात नाही. ती म्हणाली, लढाई इथे आहे, तलवार पॅरिसला कशाला? बायकांचं तर्कशास्त्र.

शिवाय म्हणाली, शनिवारी सँ-जेरोचा दिवस आहे, गुरं डोंगरावरून खाली उतरतात. मला माहीत आहे. तारीख मीच निवडली. गावच्या संताचा दिवस, अंगात आपोआप स्फूर्ती येते. मी म्हटलं, गुरं रस्त्याने येतात, मी रुळांवरून येणार आहे. यावर ती कांदा चिरू लागली. वाक्य फारच चांगलं झालं होतं.

विमानात या जन्मी पाय ठेवणार नाही, असं आज रेडिओवरही सांगितलं. गावच्या रेडिओवर सहा मिनिटं दिली होती, मी एकोणीस घेतली.

गुरुवार, ११ ऑक्टोबर. सकाळी ९.

रेल्वेचा संप. एक दिवसाचा. आजच.

संपाला माझा पाठिंबा आहे. संप हा कामगाराचा श्वास आहे. स्टेशनवर जाऊन संपकऱ्यांपुढे बारा मिनिटं बोललो. टाळ्या. त्यांनी कॉफी दिली. एकाने विचारलं, पण साहेब, आता तुम्ही पॅरिसला जाणार कसे? मी म्हटलं, कामगारांची एकजूट वाट काढते. तो म्हणाला, आमच्या एकजुटीनेच तर वाट बंद केली आहे.

उद्या सकाळी दहाला मंत्रालयातली भेट. ती मिळायला सात महिने लागले.

सकाळी ११.

विचार केला. शत्रूचा अभ्यास केल्याशिवाय शत्रूवर बोलणं हा बौद्धिक अप्रामाणिकपणा आहे. आजवर विमानावर जे बोललो ते ऐकीव माहितीवर. माझ्यासारख्या वाचन असलेल्या माणसाला हे शोभत नाही.

संध्याकाळच्या विमानाचं तिकीट काढलं. अभ्यासासाठी.

संध्याकाळी ८. पॅरिस.

गॉगल आणि मफलर लावून विमानतळावर गेलो. छोटंसं विमान, पंखेवालं. माझ्या शेजारच्या सीटवर मादाम रुमेगू.

त्या म्हणाल्या, अहो अध्यक्ष, घसा दुखतोय का? मफलर गुंडाळलाय म्हणून विचारलं. मी म्हटलं, मी इथे निरीक्षणासाठी आहे. त्या म्हणाल्या, असू दे हो, मी बहिणीकडे जातेय, मी कोणाला काही सांगत नाही, तुम्हाला खिडकी हवी का?

खिडकी घेतली. निरीक्षणासाठी.

वहीत खोटं लिहायचं नाही, म्हणून लिहितो : खाली आमचे डोंगर एखाद्याने हिरवी चादर झटकून टाकावी तसे पडले होते. एक तास दहा मिनिटं. बिस्किट दिलं. दुसरं मागितल्यावर दुसरंही दिलं. भांडवलशाहीची ही जुनी युक्ती.

उतरताना मादाम रुमेगू म्हणाल्या, शनिवारी सकाळच्या विमानात माझ्या शेजारी जागा आहे, चला माझ्याबरोबर. मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा पुन्हा म्हटलं. म्हणाल्या, निदान ती पाकिटं तरी माझ्याबरोबर पाठवा, सभेला वेळेवर पोचायला हवीत, एकेचाळीस लोकांची मतं आहेत ती.

विरोधकाच्या हाती माझी मतं. त्यांचा धीर सुटला आहे हे उघड आहे. मी बॅग छातीशी धरली आणि नम्रपणे हसलो.

शुक्रवार, १२ ऑक्टोबर. पॅरिस, रात्री ९.

मंत्रालयात प्रचंड यश. मंत्री नव्हते, त्यांचे सचिव नव्हते, एक तरुण बाई होत्या. वेळ पंधरा मिनिटांची होती, मी चाळीस मिनिटं बोललो. त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. टाइप करत होत्या. बहुधा माझंच बोलणं.

शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला. ओरियाकहून तुम्ही कसे आलात?

मी म्हटलं, कष्टाने.

त्यांनी ते लिहून घेतलं. अर्ज एका ट्रेमध्ये ठेवला. ट्रेमध्ये आधीच बरेच अर्ज होते, म्हणजे देशभर जागृती आहे.

संध्याकाळी हॉटेलच्या आरशासमोर विजयाच्या भाषणाची तालीम. शेजारच्या खोलीतून भिंतीवर थाप आली. दाद समजून चालू ठेवलं. पुढच्या थापा तालात नव्हत्या.

शनिवार, १३ ऑक्टोबर. सकाळी ७.०५. गाडीत.

निघाली. ठरल्या मिनिटाला. अंगावर काटा आला. संप संपला, आकाश स्वच्छ, बॅगेत एकेचाळीस. मादाम रुमेगू आत्ता विमानात कोंबून बसल्या असतील. मी पाय पसरून बसलो आहे. (समोरच्याने आवरायला सांगितले. आवरले.)

सकाळी १०.५०. क्लेर्माँ.

दुसरी गाडी मिळाली. चार डबे. ही गाडी निसार्ग जंक्शनला दोन तुकडे होऊन सुटते : दोन डबे ओरियाकला, दोन सँ-फ्लूरला. परक्या माणसाचा इथे हमखास घोळ होतो. मी १९७४ पासून मागच्या दोन डब्यांत बसतो. डोळे मिटून.

शेजारी एक बाई, मांडीवर झाकलेली टोपली. टोपलीत बदक आहे, जिवंत. सँ-फ्लूरला भावाकडे निघाल्या आहेत. मी ताबडतोब त्यांना सावध केलं की त्या चुकीच्या डब्यात आहेत. त्या म्हणाल्या, पण साहेब, तिकीटवाल्याने मला इथेच बसवलं. मी म्हटलं, मादाम, तिकीटवाला येतो आणि जातो, ही लाइन मला माझ्या तळहातासारखी पाठ आहे. मध्ये कसली तरी घोषणा चालू होती, तिच्यामुळे मला आवाज चढवावा लागला. बदकही ओरडायला लागलं. शेवटी बाईंना पटलं. त्यांची टोपली मी स्वतः पुढच्या डब्यात नेऊन ठेवली. फार आभार मानले. त्यांना निरोप देऊन परत माझ्या जागेवर.

लोकांची सेवा म्हणजे दुसरं काय.

दुपारी १२.२०.

निसार्ग सोडलं. डोंगर चुकीच्या बाजूला दिसतो आहे. गंमत आहे.

दुपारी १२.३०. सँ-फ्लूर.

रेल्वेने मागचं पुढं केलं आहे. कधी केलं? कोणाला विचारून? आमच्या समितीला एक पत्र नाही. स्टेशनमास्तर म्हणाले, सहा वर्षं झाली साहेब, आणि आज तीन वेळा घोषणा केली.

घाबरण्याचं कारण नाही. सभा तीनला. रस्ता पंचाहत्तर किलोमीटर. टॅक्सीने सव्वा तास.

दुपारी १२.४५.

टॅक्सीवाला जेवायला गेला आहे. भाड्याच्या गाडीचं दुकान बंद, दारावर पाटी : दोन वाजता उघडेल. दुसरा टॅक्सीवाला पहिल्याबरोबर जेवतो आहे. खिडकीतून दिसले. मी काच वाजवली. त्याने घड्याळ दाखवलं.

याबद्दल तक्रार करता येत नाही. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीवर मी तीन लेख लिहिले आहेत. जेवताना ज्याला उठवता येत नाही तोच स्वतंत्र नागरिक, हे वाक्य माझंच.

म्हणून मीही बसलो. बटाटे आणि चीज तव्यावर घोटलेलं, वर सॉसेज. दुसरं ताट तत्त्वाखातर.

तिथूनच युगेतला फोन केला. ती पुएशच्या बँडबरोबर स्टेशनकडे निघाली होती. मी म्हटलं, मी जरा बाजूला आलो आहे. ती म्हणाली, किती बाजूला? मी म्हटलं, सँ-फ्लूर. मागून ट्राँबोन जोरात वाजला.

मग म्हणाली, सभा पाचपर्यंत पुढे ढकलायला सांगू का, मादाम रुमेगू लगेच हो म्हणतील. मी कडक शब्दांत नकार दिला. रेल्वेचा माणूस उशिरा आला म्हणून सभा थांबली, हे शहराने ऐकायचं? ती म्हणाली, अरे फिर्मँ, कोरमला तीस मतं लागतात, पाकिटं तुझ्याकडे. मी म्हटलं, नियम नऊ वाच. कोरम नसेल तर सभा अर्धा तास तहकूब, आणि साडेतीनला हजर असतील तेवढ्यांची सभा वैध. नियम मीच लिहिला आहे. म्हणजे मला साडेतीनपर्यंत वेळ आहे.

ती म्हणाली, वेळ तुला आहे की त्यांना? लाइन खराब असावी, म्हणून फोन ठेवला.

दुपारी २.१०. रस्त्यावर.

टॅक्सीवाल्यांचं चीज आणि गोड अजून बाकी होतं. पण नशीब शूराला साथ देतं. ओदिल नावाच्या बाई भेटल्या, चीजची व्हॅन चालवतात, ओरियाकलाच निघाल्या होत्या. मागे चीजच्या अडतीस चकत्या, प्रत्येक गाडीच्या चाकाएवढी. पुढे मी. वास असा की शब्द सुचत नाहीत, तरी बोलतो आहे.

ओदिल म्हणाल्या, तुमचा आवाज ओळखीचा वाटतो, रेडिओवर तुम्हीच का? मी मान लववली. त्या म्हणाल्या, माझी आई तुमचा आवाज आला की उठून जाते, एरवी तिचे गुडघे आखडलेले असतात. मी म्हटलं, शब्दांत एवढी ताकद असते. त्या म्हणाल्या, तेच म्हणते मी.

हवा मस्त आहे. व्हॅन वळणावर झुकते तेव्हा मागे सगळ्या चकत्या एकदम सरकतात, मोठ्या सभेने बैठक बदलावी तसा आवाज होतो. मी त्यांना भाषणाची सुरुवात म्हणून दाखवली. ओदिल म्हणाल्या, कोणी उठून गेलं नाही, चांगलं लक्षण आहे. आम्ही दोघं इतकं हसलो की त्यांना व्हॅन बाजूला घ्यावी लागली. तीन मिनिटं गेली. वसूल करू.

तीन वीसला पोचणारच. दहा मिनिटं हाताशी.

दुपारी २.५५.

गाई.

एकशे वीस तरी असतील. तांबड्या, लांब शिंगांच्या, गळ्यात घंटा, डोक्यावर फुलं आणि झेंडे. पूर्ण रस्ता. मागे माणसं, पोरं, कुत्री, अकॉर्डियन. दृश्य इतकं सुंदर की राग आवरून धरायला त्रास होतो आहे.

खाली उतरलो. आघाडीच्या गुराख्याला गाठून म्हटलं, मित्रा, एका शहराचं भवितव्य या व्हॅनमध्ये अडकलं आहे. तो म्हणाला, चीज का? मी परिस्थिती समजावली, थोडक्यात, आठ मिनिटांत. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, मला सांगून काय उपयोग दादा, ती पुढची मोठी आहे ना, तिला सांगा. तीन महिने झाले, मीही तिच्याच मागून चालतोय.

मी तिच्याशी बोललो. लोक जमले. तिने एकदा पाहिलं आणि शेपूट उचलली. बूट गेले.

दुपारी ३.३०.

अजून गाई. ओदिलनी रेडिओ लावला. मला म्हणाल्या, बोला तुम्ही, मी आवाज कमी करते. मीच आवाज वाढवला.

नियम नऊ फार घाईत लिहिला गेला होता.

संध्याकाळी ६.३०. घरी.

सव्वाचारला पोचलो. सगळं क्रमाने लिहितो.

एक. १.१० ची गाडी अगदी वेळेवर आली. त्यातून बदकवाल्या बाई उतरल्या. ट्राँबोनच्या आवाजात युगेतचं सांगणं पुएशच्या कानावर गेलंच नव्हतं. त्याने लांबून बॅग आणि टोपी पाहिली आणि बँड सुरू केला. फुलांचा गुच्छ त्यांना मिळाला. त्या रडल्या. म्हणाल्या, सँ-फ्लूरला माझं असं स्वागत कधीच झालं नाही. नंतर मादाम रुमेगूंच्या भाच्याने त्यांना गाडीने भावाकडे सोडलं.

दोन. तीन वाजता सभागृहात बावीस माणसं. कोरम नाही. मादाम रुमेगूंनी थांबायचा ठराव मांडला. पुएश उभा राहून म्हणाला, अध्यक्षांचा स्पष्ट निरोप आहे, सभा वेळेवर घ्या. माझ्या शिस्तीचा असा आदर. साडेतीनला मतदान. मादाम रुमेगू सोळा, मी पाच, एक तटस्थ.

तीन. मी आत गेलो तेव्हा सगळे वाइन घेत होते. मी टेबलावर बॅग आपटली आणि म्हटलं, नागरिकहो, एकेचाळीस मतं वाटेत अडकली होती, लोकशाही त्यांच्यासाठी पुन्हा दार उघडेल की नाही? भाषण चांगलं जमत होतं. बुटांमुळे पुढच्या रांगा मागे सरकल्या.

मादाम रुमेगू उठून जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, राहू द्या ना हो, घरी घेऊन जा ती. मला वाटलं, घाबरल्या. मी म्हटलं, इथेच उघडा, सगळ्यांसमोर.

उघडली.

बत्तीस मादाम रुमेगूंच्या नावाची. आठ माझ्या. एक कोरी.

कोणी हसलं नाही. हे फार वाईट झालं. चीजवाला म्हातारा तेवढा खाली बघत म्हणाला, तुम्ही थेट दारात उभे राहिलात साहेब, तोंडावर नाही कसं म्हणायचं? मग कोणीतरी मला वाइन दिली. मादाम रुमेगूंनी घशाची गोळी दिली. म्हणाल्या, आवाज बसलाय तुमचा. खरंच बसला होता.

पाच मतांत एक युगेतचं असावं. की ती तटस्थ? विचारलं नाही.

रविवार, १४ ऑक्टोबर. सकाळी १०.

रात्री विचार केला आणि एकदम प्रकाश पडला. मी वेळेवर पोचलो असतो तर माझं स्वतःचं मत धरून अठ्ठेचाळीस विरुद्ध चौदा असा पराभव झाला असता. न पोचल्यामुळे फक्त सोळा-पाच. म्हणजे अकरा मतांनी. ही माघार लष्करी दृष्टीने आदर्श आहे. युगेतला समजावून सांगितलं. ती अक्रोड फोडत होती. म्हणाली, पुढच्या वेळी मुळीच जाऊ नकोस, जिंकशील.

नव्या कार्यकारिणीचं पत्र सकाळीच दारात सरकवलेलं. समितीचं नवं नाव ‘ओरियाकला पोचू या’. मला विनंती : विमान, रेल्वे आणि रस्ता यांच्या स्थितीवर अहवाल लिहावा, कारण तीन दिवसांत तिन्हींनी प्रवास केलेला समितीत दुसरा कोणी सभासद नाही.

जाहीर नकार द्यायचं ठरवलं. सोळा पानांचा.

सोमवार, १५ ऑक्टोबर. दुपारी २.

नकार लिहायला बसलो. पहिलं पान छान झालं. दुसऱ्यावर विमानातल्या खिडकीचं वर्णन आलं, ते फाडलं.

साडेबाराला युगेत म्हणाली, पाव आण. पावाचं दुकान डावीकडे. मी उजवीकडे वळलो आणि स्टेशनवर गेलो. नुसतं बघायला.

१.१० ला गाडी आली. एक मिनिटही उशीर नाही. चार माणसं उतरली. प्लॅटफॉर्मवर मी एकटाच. मी कोट सारखा केला.

एक बाई थेट माझ्याकडे आल्या, सामान खाली ठेवलं आणि म्हणाल्या, तुम्ही इथलेच दिसता, साल्येरला जायची बस कुठून सुटते हो?

मला बरंच काही बोलता आलं असतं. साल्येरचं ठरलेलं स्टेशन, तिथे कधीच न पोचलेले रूळ, एकोणीसशे सालचा तो नकाशा. सगळं जिभेवर होतं.

मी म्हटलं, बाहेर, डावीकडे, दीड वाजता.

त्या म्हणाल्या, बरं झालं, नेमकं सांगितलंत. आणि गेल्या.

पाव आणायचा राहिला.